अकरा हात

भाच्याने माळ्यावरून खोकं उतरवलं तेव्हा आई ओटीवर चिंच फोडत बसली होती. चौदा एप्रिलचा दिवस, सुट्टीचा, म्हणून मी बोईसरहून उमरोळीला बाबांकडे आलो होतो. दूर कुठेतरी जयंतीची मिरवणूक निघाल्याचे ताशे ऐकू येत होते. कौलं अशी तापली होती की माळ्यावर पापड टाकला असता तर नुसत्या हवेवर भाजून निघाला असता.

बहिणीचा हा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुंबईत. परीक्षा आटोपून काही दिवस आजोळी आला होता. खोकं बुटांचं होतं. ते माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, "मामा, तुमचं डिस्पॅचचं डोकं जरा उसनं द्या. हे सोलापूरकडे पाठवायचंय, कुरिअरने. वर काय लिहू?"

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात बावीस वर्षं डिस्पॅच पाहतो. ड्रम, कारबॉय, बॅगा, गेटपास, ई-वे बिल, ट्रकवाल्यांच्या शिव्या. मला असं कुणी विचारलं की मान आपोआप ताठ होते. मी झाकण उघडलं.

आत बबल रॅपमध्ये सहा नळ्या होत्या. पुठ्ठ्याच्या, अंगठ्याहून किंचित जाड. छंदाच्या रॉकेटला बसवायच्या मोटरी. मोटर म्हणजे काय, हे भाच्याने मला मागेच चित्र काढून समजावलं होतं: एका टोकाला पक्क्या मातीचं नोझल, त्यामागे दाबून भरलेलं इंधन, मग सावकाश जळणारा थर, आणि शेवटी पॅराशूट बाहेर फेकण्यापुरती चिमूटभर दारू. नळीवर अक्षर छापलेलं असतं. ए म्हणजे अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंतचा जोर, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला तो दुप्पट. ही डी होती, म्हणजे विसापर्यंत.

"आल्या कुठून?"

"स्पर्धेतून उरल्या. सरांनी त्या दिवसापुरती, त्या मैदानापुरती परवानगी काढली होती. उरलेल्या परत करायच्या होत्या. सीनियर म्हणाला, ठेव तुझ्याकडे, पुढे लागतील. आता सोलापूरच्या मित्रांना माळ मिळालाय उडवायला."

"आणि मुंबईहून इथवर?"

"लोकलने. सॅकमध्ये."

इथे मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मी काय केलं ते सांगतो, कारण ही गोष्ट भाच्याची कमी आणि माझी जास्त आहे. मी म्हटलं, "वर 'शैक्षणिक नमुने' लिही. किंमत टाक दोनशे रुपये. खोकं लहान नको, मोठं घे, म्हणजे हलकं वाटेल. हलक्या खोक्याकडे कुणी बघत नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की ते मला तेव्हा ऐकूसुद्धा आलं नाही. भाचा खूश झाला. मार्कर शोधायला उठला.

बाबा झोपाळ्यावर डोळे मिटून होते. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "खोक्यात काय आहे?"

"काही नाही आजोबा. रॉकेटच्या मोटरी."

"मग 'नमुने' कशाला लिहितोस? मोटरी लिही."

"मोटरी लिहिलं तर कुरिअरवाला घेणार नाही ना."

बाबा उठून बसले.

बाबा पश्चिम रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि मुकादम म्हणून निवृत्त झाले. पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव या पट्ट्यातला प्रत्येक पूल आणि प्रत्येक फाटक त्यांच्या पायाखालून गेलेलं आहे. गावात अजूनही कुणी त्यांना नावाने हाक मारत नाही, मुकादमच म्हणतात. त्यांच्या हातोड्याच्या, पान्यांच्या गोष्टी आम्ही लहानपणी फार ऐकल्या. एका डबीबद्दल मात्र ते कमी बोलायचे. ती त्या दिवशी बाहेर आली.

रेल्वेत तिला डेटोनेटर म्हणतात, गँगमध्ये नुसता 'फटाका'. बूटपॉलिशच्या डबीएवढी चपटी पत्र्याची डबी, आणि तिला दोन मऊ पट्ट्या. पट्ट्या रुळावर दुमडून डबी बसवायची. इंजिनाचं चाक वरून गेलं की धाड्. धुक्यात किंवा पावसाच्या झडीत ड्रायव्हरला दिवा दिसला नाही तरी हा आवाज चुकत नाही. पुढे रूळ खचलेला असेल, झाड पडलेलं असेल, तर अडथळ्यापासून सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. हा हिशेब बाबा आजही झोपेत सांगतील.

"एका आषाढात बोईसरच्या अलीकडे खडी वाहून गेली," बाबा म्हणाले. "रूळ हवेत लोंबकळत होता. लाल दिवा घेऊन धावलो. एक लावला, पुढे तीन लावले. गाडी थांबली. ते असू दे. दुसऱ्या दिवशी साहेबाने काय विचारलं? शाबासकी नंतर. आधी विचारलं, किती वाजले, किती उरले? चार वाजले, उरलेले मोजून दाखवले, वहीत अंगठ्याखाली लिहिलं. डब्यात कोरडे ठेवायचे, भिंतीच्या ओलीला टेकवायचे नाहीत. प्रत्येकावर बनावटीचं साल. जुनं आधी वापरायचं. आपटायचं नाही, ठोकायचं नाही, घरी न्यायचं नाही. निवृत्त झालो त्या दिवशी शिट्टी राहिली माझ्याकडे, झेंडा राहिला. फटाका एक राहिला नाही."

भाच्याला ते पटत नव्हतं, आणि त्याच्याकडे मुद्दा होता. "आजोबा, या मोटरी मुळात सुरक्षित म्हणूनच बनल्या. पूर्वी अमेरिकेत पोरं घरीच लोखंडी नळ्यांत काहीबाही ठासायची आणि बोटं गमवायची. 1958 च्या सुमारास कोलोरॅडोत व्हर्न एस्टिस म्हणून एक जण होता, त्याने या नळ्या यंत्रावर बनवायला सुरुवात केली. पुठ्ठ्याच्या, धातू अजिबात नाही. पेटवायची ती तारेने, पंधरा फुटांवरून. हा छंद सुरू झाला तोच नियमांपासून."

मुलगा चुकीचं बोलत नव्हता. मला त्याचं कौतुक वाटलं. बाबांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी खोकं जवळ ओढलं, जसा वैद्य मनगट ओढतो. बबल रॅप बाजूला केला. मोटरींच्या खाली एक प्लास्टिकची पिशवी होती. त्यात पेटवायच्या बारीक तारा, टोकाला काळा ठिपका असलेल्या. आणि त्या तारांच्या शेजारी चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी.

"हा फटाका. ही काडी. आणि ही पेटी," बाबा म्हणाले. "तिघं एका खोलीत झोपवलीस?"

भाचा गप्प झाला. बॅटरी मीच उचलून काढली, पिशवीही. हात कापला माझा थोडा. बावीस वर्षांत मी बोर्डावर शेकडो वेळा वाचलंय की पेटणारं आणि पेटवणारं एका ठिकाणी ठेवायचं नाही. स्फोटकांच्या कोठारात तर डेटोनेटर आणि बाकीचा माल एका छताखाली चालत नाही. आत लोखंडी अवजार नाही, खिळ्याचे बूटसुद्धा नाहीत. आमच्या गेटवर काडेपेटी काढून घेतात आणि टपरीवाल्याकडे ती ढीगभर साठते, मग संध्याकाळी कुणाची कुठली यावरून भांडणं होतात. आणि इथे घरात मी हलक्या खोक्याच्या युक्त्या शिकवत होतो.

"माळ्यावर किती दिवस होतं?" मी विचारलं.

"पाच."

पाच दिवस. दुपारी कौलांखाली भट्टी आणि पहाटे समुद्राकडून गारवा. भाच्याचा चेहरा तेवढ्यात उतरला, कारण याचा अर्थ आमच्यापेक्षा त्यालाच चांगला माहीत होता. दाबून भरलेलं इंधन तापतं, निवतं, पुन्हा तापतं, आणि नळीच्या भिंतीपासून सुटतं किंवा त्याला चीर जाते. एरवी ते एका टोकाकडून शिस्तीत जळत जातं. चीर असली की ज्योत फटीत शिरते, एकदम जास्त पृष्ठभाग पेटतो आणि नोझलला तेवढा वायू बाहेर टाकता येत नाही. मग रॉकेट उडत नाही, नळी फुटते. बाहेरून मात्र नळी नव्यासारखीच दिसते. त्या सहा नळ्याही नव्यासारख्याच दिसत होत्या.

आईने चिंच फोडणं थांबवलं नव्हतं. तिच्यासमोर गर एका ताटात, चिंचोके परातीत. बाबांनी परातीतून मूठभर चिंचोके घेतले.

"बोल. हे खोकं तू दुकानात दिलंस. कोणी घेतलं?"

"काउंटरवरच्या मुलाने."

बाबांनी एक चिंचोका मांडला. "पुढे?"

"टेम्पोवाला." दुसरा. "त्याचा क्लीनर," मी म्हटलं. तिसरा. ही वाट मला तोंडपाठ होती. चिल्हार फाट्याने हायवेला, तिथून भिवंडी. भिवंडीच्या गोदामात उतरवणारा, चौथा. पट्ट्यावर गावं वेगळी करणारा, पाचवा. पुन्हा चढवणारा, सहावा. रात्रीचा ट्रक ड्रायव्हर, सातवा. त्याचा क्लीनर, आठवा. तो बहुधा मालावरच झोपतो. सोलापुरात उतरवणारा, नववा. मोटारसायकलवर वाटप करणारा पोरगा, दहावा.

"आणि दार उघडणारा तुझा मित्र."

"तो दिवसा घरी नसतो," भाचा म्हणाला. "त्याची आजी घेईल."

अकरावा चिंचोका आजीचा. बाबांनी तो जरा बाजूला ठेवला.

"यातल्या किती जणांना तू सांगितलंस, आत काय आहे ते?"

झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या कुरकुरत होत्या. मग बाबांनी आणखी एक चिंचोका उचलला आणि ओळीच्या टोकाला ठेवला. "हा कोणाचा?" भाच्याने विचारलं. "माहीत नाही," बाबा म्हणाले. "असतो एक."

त्यानंतर मी जे सांगितलं ते घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

आठ वर्षांपूर्वी, मार्चअखेर. हायड्रोजन पेरॉक्साइडचे सहा कारबॉय एकतीस तारखेच्या आत गिऱ्हाइकाकडे पोचवायचे होते, नाहीतर बिल त्या वर्षात धरलं जाणार नव्हतं. तीव्र माल, पन्नास टक्क्यांचा. हा स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्याला पेटायला मदत करतो, म्हणून त्यावर पिवळा चौकोन लावतात, आगीचं चित्र असलेला. असा माल न्यायला ड्रायव्हर तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला लागतो, गाडीवर पाटी लागते, केबिनमध्ये अपघात झाला तर काय करायचं याचा कागद लागतो. तशी गाडी त्या दिवशी मिळेना, आणि मिळाली असती तरी भाडं जास्त. वरून फोन आला, "बघ काहीतरी." हे 'बघ काहीतरी' आमच्या धंद्यातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. मी बघितलं. पिवळे चौकोन ओल्या फडक्याने काढले आणि चलनावर 'क्लीनिंग लिक्विड' लिहिलं. एक साधा टेम्पो निघतच होता, त्यात आधीच कापडाच्या चिंध्यांच्या गाठी होत्या. उरलेल्या जागेत कारबॉय बसवले. पाच उभे बसले. सहावा आडवा टाकावा लागला.

पेरॉक्साइडच्या झाकणाला बारीक भोक असतं. आत वायू सुटत राहतो, त्याला वाट हवी. म्हणून कारबॉय उभाच ठेवायचा असतो. आडवा ठेवला की त्या भोकातून माल बाहेर.

मनोरच्या पुढे क्लीनरने मागे ओल पाहिली. पाणी समजला. त्याने गाठीतलीच एक चिंधी ओढली, पुसलं, चिंधी परत आत फेकली. हात पँटला पुसले. चहाला थांबले तेव्हा त्याची बोटं पांढरी पडली होती, चुना लावल्यासारखी, आणि चुरचुरत होती. चहा संपायच्या आत मागून धूर. टेम्पो गेला. जीव कुणाचा गेला नाही, असं मला फोनवर सांगण्यात आलं, आणि मी देवापुढे नारळ फोडला. क्लीनरच्या तळहातांचं काय झालं हे मी विचारलं नाही. तो उत्तर प्रदेशातला होता, एवढंच माहीत आहे. कागदावर 'क्लीनिंग लिक्विड' असल्यामुळे मला कुणी बोलावलं नाही. आग विझवायला आलेल्यांनीसुद्धा तेच वाचलं असेल.

दरवर्षी चौदा एप्रिलला आमच्याकडे अग्निशमन सप्ताह सुरू होतो. दोन मिनिटं उभं राहतो आम्ही, 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये गेलेल्या 66 अग्निशमन जवानांसाठी. फोर्ट स्टायकिन नावाचं जहाज. सुमारे चौदाशे टन दारूगोळा घेऊन निघालं, आणि कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गाठी चढवल्या. एकाच जहाजात. धोक्याचं लाल निशाण चढवलेलं नव्हतं. कापूस धुमसायला लागला, आणि जवान पाणी मारायला गेले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या-एक तासात दुसरा. आठ वर्षं झाली, त्या दोन मिनिटांत मला डॉक दिसत नाही. चिंध्यांच्या गाठी दिसतात आणि आडवा टाकलेला सहावा कारबॉय दिसतो. खोक्याच्या त्या दिवशीही सकाळी गेटवर उभा राहून मी तडक उमरोळीला आलो होतो, आणि दुपारी भाच्याला 'शैक्षणिक नमुने' लिहायला सांगितलं होतं.

आईने ताट बाजूला सारलं. "तळहात बरे झाले का त्याचे?" तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

भाचा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मला वाटलं, ऐकत नाहीये. मग तो एकदम म्हणाला, "आजोबा, हे बघा. 1884 चा स्फोटक कायदा. कशाकशाला स्फोटक म्हणायचं त्याची यादी आहे. धुक्यातले सिग्नल, शोभेची दारू, वाती, रॉकेटं..."

"धुक्यातले सिग्नल म्हणजे माझा फटाका."

"हो. आणि त्याच ओळीत रॉकेटं."

म्हाताऱ्याला केवढा आनंद झाला! "म्हणजे तुझं रॉकेट माझ्या फटाक्याच्या बाकावर बसलंय. एकशे चाळीस वर्षं." त्यांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली. मग रेल्वेचा कायदा काढायला लावला, 1989 चा. कलम 164, धोकादायक माल बेकायदा गाडीत आणणं. भाचा वाचता वाचता हसला. "दंड फक्त हजार रुपये."

"त्याच्या आधीचं वाच."

"तीन वर्षांपर्यंत कैद." हसू गेलं.

मला त्याची कीव आली. मीही या भानगडींत राहूनच शहाणा झालोय, आणि तेही अर्धाच. हा सगळा कारभार ज्या कार्यालयाकडे आहे ते नागपुरात आहे, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, 'पेसो' म्हणतात. त्याची मुळं 1898 पर्यंत जातात. आमच्याकडे त्यांचा माणूस येणार म्हटलं की रंगरंगोटी सुरू होते, जणू तपासणी रंगाचीच आहे. कारखान्यात नियम म्हणजे साहेब येण्याच्या दिवशीचा पाहुणा. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी कोळवड्याला स्फोट झाला, आठ माणसं गेली, बोईसरात आमच्या खिडक्या थरथरल्या. त्यानंतर महिनाभर सगळे कसे नियमाने चालत होते! दुसऱ्या महिन्यात पुन्हा 'बघ काहीतरी'.

खोकं आता कुठे न्यायचं? भाचा म्हणाला, विहिरीत टाकू. आई म्हणाली, माझ्या विहिरीत नाही. मी म्हटलं, खाडीत. बाबांनी आमच्याकडे असं पाहिलं की दोघेही गप्प बसलो. लोकलने परत नेण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी भाच्याने सरांना फोन लावला. फोन लावण्याआधी तो परसात दोन फेऱ्या मारून आला. वर्ष वाया जाईल, नाव जाईल, पोलीस येतील, सगळं त्याच्या पाठीवर दिसत होतं. सर पलीकडे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले की कुणी हात लावू नका, सावलीत, घरापासून लांब, एकटं ठेवा. ज्यांच्याकडून घेतल्या त्या परवानाधारकाला आणि पोलिसांना मी आत्ता कळवतो, तूही तिथल्या ठाण्याला कळव. आणि जे झालं ते लेखी दे, जसं झालं तसं.

ठाण्यातल्या साहेबांनी आधी झापलं, मग पत्ता नीट लिहून घेतला. पथक संध्याकाळपर्यंत येईल म्हणाले.

खळ्याच्या पलीकडे आमची जुनी पंपाची खोली आहे. विटांची, पक्क्या छपराची. मोटर चोरीला गेल्यापासून रिकामी, विजेची तार कधीच तोडलेली. घरापासून शंभर-सव्वाशे पावलं. बाबांनी आत आधी झाडून घ्यायला लावलं, काडी-पाला काही राहू दिला नाही. खोकं भाच्याने नेलं. दोन्ही हातांवर, पोटाशी न धरता. मी पुढे वाट मोकळी करत होतो. तारांची पिशवी आणि बॅटरी घरातच, वेगवेगळ्या कोनाड्यांत.

मग लिहिण्याचा प्रश्न. भाच्याने मार्करने खोक्यावर लिहिलं: रॉकेटच्या सहा मोटरी, स्फोटक, आगीपासून दूर ठेवा, आदळू नका. खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबर. नाव लिहिताना तो क्षणभर अडला, पण लिहिलं. तसाच एक पुठ्ठा दारावर लावायला केला.

"छान," बाबा म्हणाले. "आणि ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचं?"

भाच्याने पुठ्ठा उलटा केला आणि चित्र काढलं. मोठी ज्योत, तिच्यावर फुली. शेजारी बिडी, तिच्यावरही फुली. चित्रकला त्याची बेताचीच. बिडी कडबोळ्यासारखी दिसत होती. बाबांनी ट्रंकेतून आपला लाल झेंडा काढला, निवृत्तीच्या वेळचा, घडीवर पिवळा पडलेला. तो कडीला बांधला.

आम्ही ओटीवर येऊन बसलो. आईने ताडगोळे सोलून ठेवले होते, पण कुणाचं लक्ष नव्हतं. चार वाजून गेले. मिरवणुकीचे फटाके दूरवर वाजले की भाचा दचकून खोलीकडे पाहायचा. मी मोबाइलमध्ये त्या टेम्पोमालकाचा नंबर शोधत होतो. आठ वर्षांत तीन फोन बदललेत मी. नंबर सापडला, पण तो बंद होता. दुसरा एक ट्रान्सपोर्टवाला त्याला ओळखतो हे आठवलं. त्याला मेसेज टाकला, की त्या क्लीनरचा काही पत्ता आहे का. दोन बरोबरच्या खुणा आल्या. उत्तर नाही.

तेवढ्यात खळ्याकडून एक माणूस आला. सुकं गवत कापून नेणाऱ्यांपैकी, चाळिशीचा, अंगात बनियन, कमरेला कोयता, कानावर बिडी. आमच्या ओळखीचा नव्हता. आईकडे पाणी मागितलं. तांब्या उंचावरून घशात ओतून प्यायला, तोंड पुसलं, आणि पंपाच्या खोलीकडे बोट करून बाबांना म्हणाला, "बाबा, तिथं दाराला चित्र कुणी काढलंय?"

"माझ्या नातवाने. का?"

"बिडी वाटते ती. फुली मारलीय. लाल फडकं बी हाय." त्याने कानावरची बिडी काढून दाखवली. तिचं टोक नुसतं काळं पडलेलं होतं, जेमतेम पेटवून लगेच विझवलेली. "मी रोज तिथं सावलीला बसतो, भारा टेकवून. आज बसलो, काडी ओढली आणि मंग वर पाहिलं. म्हटलं, असंल काहीतरी. रस्त्यावर येऊन विझवली, धुळीत."

भाच्याच्या हातातला ताडगोळा तसाच राहिला.

"बरं केलंस," बाबा म्हणाले. "बस इथे ओटीवर."

"बसतो. पण माझा भारा तिथंच राहिला ना. भिंतीला टेकवलेला."

सुकं गवत. एप्रिलचं. खोलीच्या भिंतीला लागून. मी उठायच्या आत भाचा उठला होता. बाबा मागून ओरडले, "मोबाइल इथे ठेव. पळू नको." त्याने खिसे रिकामे केले, ओटीच्या कडेला सगळं मांडलं, आणि अनवाणीच निघाला. ऊन अजून उतरलं नव्हतं. तापलेल्या मातीवर पाय उचलून टाकत तो खोलीपर्यंत गेला, भाऱ्यापाशी वाकला. पहिल्यांदा भारा उचललाच नाही. दुसऱ्यांदा गुडघ्यावर घेतला, मग कसाबसा डोक्यावर. गवत त्याच्या डोळ्यांवर आलं होतं, त्याला वाट दिसत नसणार. तो माणूस ओटीवरूनच त्याला सांगत होता, "डावीकडं, पोरा, डावीकडं. आता सरळ."